कन्सेप्ट अल्बम करायचाय? मग 'डार्क साइड ऑफ द मून' कसा उभा राहिला ते आधी नीट बघा

बऱ्याच जणांशी बोलताना लक्षात आलंय की कन्सेप्ट अल्बम (ज्यातली सगळी गाणी एकाच विषयाला धरून असतात तो) म्हटलं की लोकांना वाटतं आधी एक मोठी स्टोरी लिहायची, त्यात हिरो, व्हिलन, शेवट वगैरे, आणि मग त्या स्टोरीची १०-१२ गाणी पाडायची. आणि तिथेच सगळं अडकतं कारण स्टोरी पूर्ण होत नाही आणि गाणी तर त्याहून होत नाहीत. हे मी लिहितोय ते ज्यांचा स्वतःचा छोटा ग्रुप आहे, घरी एक लॅपटॉप आणि एक बऱ्यापैकी माइक आहे आणि सुटी सुटी गाणी टाकून कंटाळा आलाय, सलग ४० मिनिटांचं काहीतरी करायची मनापासून इच्छा आहे अशांसाठी. समोर एकच अल्बम ठेवणार आहे, पिंक फ्लॉइड या चौघांच्या ब्रिटिश रॉक बँडचा डार्क साइड ऑफ द मून, मार्च १९७३ चा. तो कसा बनला हे त्या लोकांनी स्वतः इतक्या वेळा सांगितलंय की त्यावरून अक्षरशः काम शिकता येतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, बाकी काही विसरलात तरी चालेल पण ही विसरू नका. हा अल्बम दुकानात यायच्या आधी हे चौघं वर्षभराहून जास्त काळ तो आख्खा स्टेजवर सलग वाजवत होते. म्हणजे स्टुडिओत बसून डोकं लावून केलेली ही वस्तू नाही, लोकांसमोर वाजवून, चुकून, बदलून मग रेकॉर्ड झालेली आहे. आमच्या ग्रुपने बरोब्बर उलटं केलं होतं, आधी रेकॉर्डिंग सुरू केलं, एकेक गाणं घासून पुसून तयार, आणि सात गाणी झाल्यावर ती एकामागे एक लावून ऐकली तर एकाचा दुसऱ्याशी काही संबंधच नव्हता. चार महिने गेले त्यात. म्हणून कळकळीने सांगतोय.

तर सुरवात. १९७१ च्या शेवटी लंडनमध्ये कॅमडनला निक मेसनच्या (ड्रमर) घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती चौघं बसले. पुढच्याच जानेवारीत ब्रिटनची टूर होती आणि वाजवायला नवीन काही नव्हतं, म्हणजे घाई होतीच. रॉजर वॉटर्सने (बेस वाजवणारा) मांडलं की आपण सगळं एकाच गोष्टीवर करू, माणसाला वेडं करून सोडणाऱ्या ज्या ज्या गोष्टी असतात त्यांच्यावर. आणि मग त्यांनी चक्क यादी केली. पैसा, वेळ हातातून निघून जाणं, सततचा प्रवास, मरणाची भीती, हिंसा, आणि डोकं ठिकाणावर न राहणं. शेवटची गोष्ट त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हती, त्यांचा जुना जोडीदार सिड बॅरेट, ज्याने सुरवातीची बहुतेक गाणी लिहिली, तो मानसिक आजारामुळे १९६८ मध्येच बँडमधून बाहेर पडला होता आणि ते यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

बघा, यात स्टोरी कुठेच नाहीये. एक वाक्य आहे आणि खाली पाच-सहा शब्दांची यादी. तुम्हीही तेवढंच करा. सगळ्यांनी एकत्र बसायचं, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, समोरासमोर, आणि असं एक वाक्य काढायचं जे घरच्या माणसाला एका दमात सांगता येईल. "आपल्याला कशामुळे झोप लागत नाही" हे चालेल. "आधुनिक मानवाची घुसमट" हे नाही चालणार, कारण त्याच्याखाली यादी करताच येत नाही, करून बघा. यादीतला प्रत्येक शब्द असा हवा की ग्रुपमधल्या निदान एकाने तो स्वतः भोगलाय. जो शब्द नुसता भारी वाटतो म्हणून आलाय तो त्याच दिवशी खोडा. आणि शब्द लिहिणारा शक्यतो एकच ठेवा. या अल्बममध्ये पहिल्यांदाच सगळे शब्द एकट्या वॉटर्सचे आहेत, चाली मात्र चौघांच्या वाटून, आणि आख्ख्या अल्बममध्ये एकच माणूस आपल्याशी बोलतोय असं जे वाटतं ते मला वाटतं त्याच्यामुळेच. त्याने ठरवून साधं लिहिलं, आधीच्या त्यांच्या गाण्यांसारखं धूसर नाही, आणि गाण्यांचे शब्द कव्हरवर छापायची पाळीही यांच्या बाबतीत या वेळी पहिल्यांदा आली.

आता यादी झाली की लगेच नवीन चाली करायला बसू नका. आधी जुनं सामान काढा. हे मला फार आवडतं या अल्बममधलं, की यातला बराच माल आधीचा पडून होता. अस अँड देम ही रिचर्ड राइटने (बँडचा कीबोर्डवाला) आधी पियानोवर केलेली रचना होती, अँटोनिओनी या डायरेक्टरच्या झॅब्रिस्की पॉइंट या सिनेमासाठी, दंगलीच्या सीनवर टाकायला, आणि डायरेक्टरने ती नाकारली. तशीच पडून राहिली दोन-अडीच वर्षं. ब्रेन डॅमेज या गाण्याची चाल वॉटर्सकडे आधीच्या अल्बमच्या काळापासून होती. यादी समोर आल्यावर या पडलेल्या चालींना जागा मिळाली, नाकारलेली दंगलीची चाल "हिंसा" या शब्दाखाली जाऊन बसली, आणि गंमत म्हणजे ती चाल इतकी शांत आहे की हिंसेबद्दल बोलताना आवाज चढवायची गरज नाही हे तिच्यामुळे कळतं. तेव्हा मोबाइलमध्ये व्हॉइस रेकॉर्डरवर जे दीडशे तुकडे पडलेत ना प्रत्येकाच्या, ते एक दिवस सगळ्यांनी बसून ऐका आणि प्रत्येक तुकडा यादीतल्या कुठल्या शब्दाखाली जातो ते ठरवा. अर्धं काम तिथेच होतं, खरंच.

मग जोडून वाजवायचं. कच्चं असताना वाजवायचं. यांनी २० जानेवारी १९७२ ला ब्रायटनला हे पहिल्यांदा लोकांसमोर काढलं आणि मनी हे गाणं चालू असताना टेपने दगा दिला, तिथेच थांबावं लागलं. दुसऱ्या रात्री पोर्ट्समथला आख्खं वाजवलं. फेब्रुवारीत लंडनच्या रेनबो थिएटरला सलग चार रात्री वाजवलं आणि त्याचं बेकायदा रेकॉर्डिंगसुद्धा नंतर बाजारात फिरायला लागलं, असली वस्तू यायच्या कितीतरी आधी. नावाचीही गडबड झाली, मेडिसिन हेड नावाच्या दुसऱ्या बँडने त्याच नावाचा अल्बम १९७२ मध्ये काढला म्हणून यांनी काही दिवस नाव बदलून एक्लिप्स ठेवलं, आणि तो अल्बम चालला नाही तेव्हा परत आधीचं नाव घेतलं.

पण वाजवण्याचा खरा फायदा काय झाला तर दोन गोष्टी कळल्या ज्या बंद खोलीत कधीच कळल्या नसत्या. एक, शेवटच नव्हता. ब्रेन डॅमेजनंतर लोकांना सोडायचं कसं हा प्रश्न होता, म्हणून वॉटर्सने टूरच्या काळातच एक्लिप्स लिहून आणलं, जे गाणं म्हणजे खरं तर एक लांबलचक यादीच आहे आणि आज त्याच्याशिवाय हा अल्बम डोळ्यासमोर येत नाही. दुसरं, प्रवासाच्या भागावर ते स्टेजवर एक लांब गिटार जॅम (आधी न बांधलेलं, सुचेल तसं वादन) वाजवायचे आणि तो नुसता जॅमच राहत होता, प्रवासाची भीती काही त्यातून येत नव्हती. स्टुडिओत त्यांच्या हातात सिंथी ए के एस नावाचा बॅगेत मावणारा नवीन सिंथ (विजेवर सूर तयार करणारं वाद्य) आला, त्याच्यात आठ सुरांचा एक तुकडा भरला, तो प्रचंड वेगात फिरवला, वर पळणाऱ्या माणसाची पावलं आणि धापा टाकल्या (असिस्टंट इंजिनियर स्टुडिओभर खरोखर पळत होता) आणि ऑन द रन झालं. इतके महिने वाजवलेला भाग बिनधास्त फेकून दिला. तुम्हाला स्टेज मिळत नसेल तर ओळखीच्या दहा जणांना घरी बोलवा, चहा द्या, आणि न थांबता आख्खं वाजवा, मध्ये "आता पुढचं गाणं असं आहे की" असलं काही बोलायचं नाही. असं निदान चार वेळा झाल्याशिवाय रेकॉर्डचं बटण दाबू नका.

आता आवाजांकडे येतो, आणि इथे जरा रेंगाळणार आहे कारण हे तुम्ही आज रात्रीच करून बघू शकता.

मनीच्या सुरवातीला नाणी, गल्ल्याच्या मशीनची घंटा, कागद फाटल्याचा आवाज हे सगळं तालात येतं ना, त्याची पहिली आवृत्ती वॉटर्सने घरी बागेतल्या शेडमध्ये केली. त्याची बायको मातीची भांडी करायची, तिचा माती कालवायचा मोठा वाडगा घेतला, त्यात नाणी टाकली आणि तो आवाज टेपवर घेतला. असे एकूण सात आवाज. मग पट्टीने मोजून प्रत्येक आवाजाची टेप सारख्या लांबीची कापली, सातही तुकडे एकापुढे एक चिकटवले आणि शेवटचं टोक पहिल्याला जोडून गोल केलं. झाला लूप, सात मात्रांचा. हिशोब समजून घ्या म्हणजे मजा येईल, समजा टेप सेकंदाला १५ इंच धावतेय आणि लय मिनिटाला १२० मात्रांची आहे, तर एक मात्रा अर्धा सेकंद, म्हणजे साडेसात इंच टेप, आणि सात मात्रांचे साडेबावन्न इंच. चार फुटांहून मोठं ते वेटोळं मशीनवर कसं मावणार, म्हणून अशी वेटोळी माइकच्या स्टँडला वळसा घालून ताणून धरायची पद्धत होती.

आपण कात्री-पट्टीऐवजी लॅपटॉप वापरू पण डोकं तेच. स्वयंपाकघरातली स्टीलची परात घ्या, खाली जाड टॉवेल घाला नाहीतर परातच वाजत राहते आणि नाणी बाजूला राहतात. मोबाइल साधारण वीतभर लांब ठेवा. पाच रुपयांचं जाड नाणं आणि एक रुपयाचं पातळ नाणं यांचा आवाज अगदी वेगळा येतो, दोन्ही वेगवेगळे घ्या, मग मूठभर एकदम टाका, मग कप्पा ढकलून बंद केल्याचा, पेपर टरकावल्याचा, कुलपाचा, असे सात गोळा करा. ऑडॅसिटी फुकट मिळतं, त्यात प्रत्येक आवाज उघडायचा आणि आवाज जिथे उमटतो त्याच्या अगदी टोकाशी कापायचं, आधी जराही शांतता ठेवायची नाही कारण लूप लंगडा होतो तो तिथेच. मग प्रत्येक तुकडा बरोब्बर ५०० मिलिसेकंदांचा करा, शेवटचे ५ मिलिसेकंद फेड आउट द्या (आवाज हळूहळू शून्यावर न्या) म्हणजे टक् असा आवाज येणार नाही, सात एकापुढे एक लावा, साडेतीन सेकंद होतील, आणि ते लूपवर टाकून एक मिनिटभर नुसतं पाय आपटत ऐका. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा अंगावर काटा येतो, सांगून ठेवतो. माझ्या परातीतला लूप पहिल्यांदा बसला तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मी शेजारच्या खोलीतून आईला उठवून ऐकवला होता.

एक सूचना तबला येणाऱ्यांसाठी. सात मात्रा म्हटलं की हात आपोआप रूपकवर जातो, पण रूपकचे खंड तीन-दोन-दोन आणि समेवरच खाली, त्याचं वजन निराळं आहे. मनीचा बेस तसा चालत नाही, त्याच्यावर रूपकचा ठेका चढवलात तर दोघंही भांडत बसतात. नुसतं एक ते सात मोजा. आणि अजून एक बघा, सॅक्सोफोनचा सोलो सातातच आहे पण गिटारचा सोलो येतो तेव्हा सगळे चारात जातात, गिटारवाल्या डेव्हिड गिल्मोरला मोकळं वाजवता यावं म्हणून, आणि सोलो संपला की परत सात. ऐकणाऱ्याला मोजता येत नाही पण एकदम रस्ता रुंद झाल्यासारखं वाटतं. शिवाय लूप गाणंभर ठेवला नाही, त्याच्यावर सगळ्यांनी लय पकडली आणि मग तो हळूच काढून घेतला म्हणजे माणसं माणसांसारखी वाजवू शकतात. लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवा, क्लिक (लय धरायला कानात वाजणारी टिकटिक) शेवटपर्यंत चालू ठेवायलाच पाहिजे असं कुणी सांगितलेलं नाही.

बाकीच्या आवाजांचं थोडक्यात. टाइम या गाण्याच्या सुरवातीची घड्याळं इंजिनियर ॲलन पार्सन्सने जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून रेकॉर्ड केली होती, तीही या अल्बमसाठी नाही तर चार स्पीकरवाल्या साउंडच्या ट्रायलसाठी, आणि मग ती सगळी एकाच क्षणी वाजतील अशी जुळवली. त्यानंतर जे टिकटिक ऐकू येतं ते घड्याळ नाहीये, वॉटर्सच्या बेसच्या दाबून धरलेल्या तारा आहेत. आणि अल्बम ज्या हृदयाच्या ठोक्याने सुरू होतो आणि ज्याच्यावर संपतो तो सुद्धा हृदयाचा नाही, कापड-बिपड भरून दबका केलेला मेसनचा बास ड्रम आहे. खरी गोष्ट माइकवर खरी वाटतेच असं नाही, तेव्हा खऱ्याचा हट्ट धरू नका, कानाला खरं वाटतं ते घ्या.

यानंतरची गोष्ट माझ्या मते आख्ख्या अल्बमचा जीव आहे. गाण्यांच्या मधूनमधून जी माणसं बोलतात, हसतात, ती ॲक्टर नाहीत. वॉटर्सने प्रश्न लिहून कार्डांचा गठ्ठा केला, स्टुडिओत अंधार करून माइकसमोर एकेका माणसाला एकटं बसवलं, आणि सांगितलं की एकेक कार्ड उचल, वाच आणि उत्तर दे. सुरवात अगदी साधी, आवडता रंग कुठला, खायला काय आवडतं. मग हळूहळू आत, मारामारी शेवटची कधी केलीस, आणि लगेच पुढचं कार्ड, तेव्हा तुझी बाजू बरोबर होती का. मरणाची भीती वाटते का. समोर कुणी नाही, हो-हो करणारं कुणी नाही, फक्त कार्ड. बसवलं कुणाला तर सामान लावणारे रोडी, रोड मॅनेजर, त्याची बायको, स्टुडिओत शेजारी दुसऱ्या कामाला आलेले लोक. पॉल आणि लिंडा मॅकार्टनीलासुद्धा बसवलं होतं आणि त्यांचं काहीच घेतलं नाही, कारण ते जपून, परफॉर्म करत बोलत होते. आणि शेवटी सगळ्यात भारी वाक्य कुणाचं निघालं तर ॲबी रोडच्या, म्हणजे त्याच स्टुडिओच्या, दारावर बसणाऱ्या जेरी ओड्रिस्कॉलचं. अगदी शेवटच्या ठोक्यांवर तो म्हणतो की चंद्राची अंधारी बाजू अशी काही नसतेच, खरं तर सगळाच अंधार आहे. आख्ख्या अल्बमचं नाव एका दारवानाने उलटं करून ठेवलं.

हे करायला तर एक पैसाही लागत नाही. २० कार्डं करा, पहिली पाच-सहा इतकी सोपी की माणसाचे खांदे सैल पडावेत. यादीतल्या शब्दांवरूनच प्रश्न काढा पण तो शब्द प्रश्नात येऊ देऊ नका, "एकटेपणाबद्दल काय वाटतं" असं विचारलंत तर भाषण मिळेल, "शेवटचं पोटभर कधी हसलात, बरोबर कोण होतं" असं विचारलंत तर माणूस मिळेल. आणि दोन-दोन कार्डांच्या जोड्या लावा, पहिल्याने गोष्ट बाहेर येते, दुसऱ्याने माणूस स्वतःला तपासतो, मारामारी आणि बाजू बरोबर होती का ही जोडी बघा ना. तुम्ही खोलीबाहेर जा, खरंच जा. सोसायटीचे वॉचमन काका, मेसच्या मावशी, आजोबा, जो कधी माइकसमोर बसला नाही असा माणूस. ज्याला बोलायची सवय आहे त्याला शेवटी बसवा किंवा बसवूच नका. आधी स्पष्ट सांगा की हा आवाज गाण्यात जाणार आहे, हो म्हणाले तरच घ्या, आणि वापरलेला तुकडा बाहेर काढायच्या आधी त्यांना ऐकवा. अर्ध्या तासाच्या बोलण्यातून तुम्हाला चार सेकंद मिळतील आणि तेवढेच पाहिजे असतात.

परवानगीवरून आठवलं ते पैशाचं आणि नावाचं. द ग्रेट गिग इन द स्काय हा राइटचा पियानोचा तुकडा, स्टेजवर ते त्याच्यावर धार्मिक वाचनाच्या टेपा लावायचे आणि ते काही जमत नव्हतं. जानेवारी १९७३ मध्ये, म्हणजे अल्बम जवळजवळ संपत आलेला असताना, क्लेअर टोरी नावाच्या गायिकेला एका रविवारी बोलावलं. शब्द नाहीत, चाल नाही, एवढंच सांगितलं की मरणाबद्दल आहे. आधी तिने नेहमीसारखं काहीतरी गाऊन बघितलं, ते नको म्हणाले, मग तिने ठरवलं की आपण गायिका नाही तर एक वाद्य आहोत असं समजू. अडीच टेक झाले फक्त. तिला ३० पौंड मिळाले, रविवारचा दुप्पट दर धरून, आणि आपला आवाज अल्बममध्ये आहे हे तिला कुणी कळवलंसुद्धा नाही, दुकानात रेकॉर्डवर नाव दिसलं तेव्हा कळलं. २००४ मध्ये ती कोर्टात गेली आणि २००५ मध्ये तडजोड होऊन राइटच्या बरोबरीने तिचं नाव रचनाकार म्हणून लागलं. तीसेक वर्षं गेली मध्ये. तर तुमच्याकडे कुणी मैत्रीण आलाप घ्यायला येणार असेल, कुणी मित्र बासरी वाजवून जाणार असेल, त्याने तिथल्या तिथे काही नवीन केलं तर ती त्याची रचना आहे, हे त्याच दिवशी कागदावर लिहा, तारीख टाका, दोघांनी सह्या करा. मैत्री आहे म्हणून तर आधी लिहायचं. आणि अशा माणसाला बोलवाल तेव्हा चाल हातात देऊ नका, एक शब्द द्या, आणि पहिला टेक फुकट जाईल हे धरून चाला.

आता जोडकाम. मी तर म्हणेन गाण्यांइतकाच वेळ जोडांना द्या. यात मनी संपताना माणसं मारामारीबद्दल बोलत असतात आणि त्या बोलण्याच्या खालून अस अँड देमचा ऑर्गन आत शिरतो, गाणं कुठे बदललं ते कळतच नाही. टाइमच्या शेवटी ब्रीद हे सुरवातीचं गाणं परत येतं, ध्रुवपदाला परत आल्यासारखं, म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं की आपण अजून त्याच घरात आहोत. आणि एक गोष्ट गिटार घेऊन स्वतः तपासून बघा, अस अँड देम, एनी कलर यू लाइक, ब्रेन डॅमेज आणि एक्लिप्स, हे चारही डी वर उभे आहेत. मेजर-मायनर बदलतं पण सा तोच, जवळजवळ सतरा मिनिटं सा हलवलेला नाही. तानपुरा लावून बसलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. शिवाय एनी कलरचे कॉर्ड ब्रीदचेच आहेत, एक स्वर खाली सरकवलेले. आपण मात्र काय करतो, प्रत्येक गाणं वेगवेगळ्या दिवशी गायकाला सोयीच्या पट्टीत करतो आणि मग क्रॉसफेड टाकून (एक विरत असताना दुसरं वर आणून) जोडायला बघतो, आणि ते कानाला टोचतं. म्हणून क्रम ठरला की सगळ्या गाण्यांच्या पट्ट्या एका कागदावर ओळीने लिहा, आणि शेजारच्या दोन गाण्यांना निदान एक तरी स्वर असा शोधा जो आधीच्यात संपताना आणि पुढच्यात सुरू होताना धरून ठेवता येईल. जमत नसेल तर गाण्याची पट्टी बदला, कॅपो (गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा) त्यासाठीच आहे. रेकॉर्डच्या दोन बाजूंचाही त्यांनी विचार केला होता, पहिली बाजू मरणावर संपते, उठून रेकॉर्ड उलटायची, आणि दुसरी नाण्यांच्या खळखळाटाने सुरू होते. आता उलटायला काही नाही, तरीपण मध्ये एक अशी जागा ठेवा जिथे ऐकणारा श्वास घेईल.

मिक्सिंगला (रेकॉर्ड केलेले सगळे आवाज एकमेकांत जुळवायला) बाहेरचा माणूस लागतोच. वॉटर्सला सगळं कोरडं आणि स्पष्ट हवं होतं, बोलणारे आवाज पुढे, आणि गिल्मोरला घुमारा हवा होता, आवाज मागे विरघळलेले. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते म्हणूनच भांडण मिटेना. शेवटी क्रिस थॉमसला बोलावलं, ज्याचा या वर्षभराच्या कामाशी काही संबंध नव्हता, आणि ताज्या कानाने त्याने सोडवलं. तुमच्या ग्रुपमध्येही असे दोघं असणारच. तेव्हा जो तालमींना कधी आला नाही पण ज्याच्या कानावर दोघांचाही विश्वास आहे असा एक माणूस आत्तापासूनच हेरून ठेवा, आणि तो जे म्हणेल ते मान्य असं मिक्स सुरू व्हायच्या आधी ठरवा, भांडण झाल्यावर नाही.

कव्हरबद्दल फार नाही सांगत. राइट म्हणाला होता की या वेळी साधं, नेटकं काहीतरी करा, फोटो नको, आणि हिपनोसिस या डिझाइन करणाऱ्या कंपनीने आणलेल्या चित्रांतून चौघांनी बघताक्षणी प्रिझम उचललं. त्यातून निघणारे रंग मोजा, सहाच आहेत. आतल्या पानावर त्याच रंगांच्या पट्ट्यात हृदयाच्या ठोक्याची रेघ उमटते, ती कल्पना वॉटर्सची. म्हणजे कव्हरसुद्धा बाहेरून चिकटवलेलं नाही, आतल्या ठोक्याशी जोडलेलं आहे. तुमच्या लूपमधली नाणी, ती परात, प्रश्नांची कार्डं, यातलंच काहीतरी घ्या, बाहेरून सुंदर फोटो शोधत बसू नका.

सगळं झाल्यावर वॉटर्सने रेकॉर्डिंग घरी नेऊन बायकोला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवलं आणि ते संपलं तेव्हा ती रडायला लागली, तेव्हा त्याला वाटलं की जमलंय. तुमच्यासाठी करायचं ते असं, ज्याने एकही तालीम ऐकलेली नाही असा एक जण घ्या, त्याला जेवल्यानंतर बोलवा, दिवे बंद करा, मोबाइल त्याच्या हातातच राहू द्या, काढून घेऊ नका. तुम्ही मागे बसा, वही आणि पेन घेऊन, आणि तो ज्या ज्या क्षणी मोबाइलकडे बघेल ती मिनिटं-सेकंद गुपचूप लिहा. संपल्यावर त्याला काही विचारू नका, पाणी द्या, घरी सोडून या. दुसऱ्या दिवशी वही उघडा, त्या वेळांवर बहुतेक वेळा गाणं नसतं, जोड असतो. तेवढे जोड रविवारी परत बसून करा.